तुम्ही विचारलंत म्हणून: तुकड्यांना माझा विरोध का

जूनमध्ये याद्या लागल्या की हा प्रश्न येतोच. लग्नात येतो, स्टाफरूममध्ये येतो, परवा कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना आला. ‘बाई, गुणांवर तुकड्या पाडल्या तर बिघडलं काय? हुशार पोरांनी बाकीच्यांसाठी का थांबायचं?’ मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं, बाई हळव्या आहेत. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

तुमची बाजू मला पाठ आहे. बीएड करून नोकरीला लागले तेव्हा तीच माझी होती. साठ मुलांच्या वर्गात एकाची बहुपदी झालेली असते, दुसऱ्याला भागाकार येत नसतो. शिकवायचं कुणाला? तुमच्या बाजूनं पुरावाही आहे. केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या शाळांनी पहिलीच्या मुलांचे आधीच्या गुणांवरून दोन वर्ग केले, तिथं वरच्या वर्गातली मुलं पुढं गेली आणि खालच्या वर्गातलीही गेली. मी हे नाकारत नाही. पण कोणता शिक्षक कोणत्या वर्गावर जाणार, हे तिथं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. आपल्याकडे अ तुकडीला बोर्डाचे पेपर तपासणारे सर मिळतात, क तुकडीला तासिका तत्त्वावर नुकतीच आलेली मुलगी. कार्यक्रमाच्या तयारीला बाकं उचलायची असली की कुठल्या तुकडीचा तास मोडतो, तेही सांगायला नको. आणि ती पहिलीची मुलं होती. चौदा वर्षांच्या पोराला आपली तुकडी म्हणजे काय ते बरोबर कळतं.

तरीही मी तेव्हा म्हणायचे, तुकड्या असू द्यात, फक्त वर जायची वाट मोकळी ठेवा. जो अभ्यास करील तो क मधून अ मध्ये जाईल. यापेक्षा न्याय्य काय असणार?

एक वर्ष ती वाट मी खरंच उघडली. नववी क मधली मुलगी, कळे गावाच्या बाजूनं एसटीनं यायची. सहामाहीत गणितात तिला अ तुकडीतल्या बहुतेकांपेक्षा जास्त गुण पडले. मी मुख्याध्यापकांच्या मागे लागले, भांडले, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचं नाव अ च्या हजेरीत गेलं. मला फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी क वर गेले. दोन चलांतली समीकरणं चालू होती. फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि विचारलं, कोण येतंय? कुणी हललं नाही. एरवी चुकलं तरी उठून येणारा एक मुलगा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो बसल्या जागेवरून म्हणाला, ‘बाई, येणारी होती ती गेली की वर. आमी उरल्यालो.’

उद्धटपणा नव्हता त्यात. मला माहिती द्यावी तसं म्हणाला. तोवर त्यांना निदान असं म्हणता येत होतं, की यादी कुणीतरी सातवीच्या गुणांवर लावली, तिचं काय खरं. मी त्यातली एकच उचलून वर नेली आणि बाकीच्यांवर शिक्का पक्का झाला. आता त्यांना नीट बघून, तपासून मागे ठेवलं होतं. त्या महिन्यात वह्या यायच्या थांबल्या. मी रागावले, समजावलं, पालकांना बोलावलं. चाचणीत कोरे पेपर आले. चुकलेले नव्हे, कोरे. चुकीचं उत्तर लिहायलाही थोडी उमेद लागते.

आणि ती मुलगी? जानेवारीत जिन्यात थांबली होती. ‘बाई, मला परत पाठवा. तिथं सगळ्यांचं क्लासला आधीच झालेलं असतंय. मी काय विचारलो की मागं वळून बघत्यात.’ मुख्याध्यापक म्हणाले, हजेरीपट खेळ नाही. ती तिथंच राहिली, दहावी चांगल्या गुणांनी पास झाली, आता नोकरी करते. भेटली की म्हणते, ‘चांगलं केलासा बाई.’ तिचं उदाहरण लोक मलाच ऐकवतात. खरं आहे, तिचं भलं झालं. पुन्हा तशी मुलगी आली तर मी पुन्हा भांडेन. पण त्या मुलाला मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला कुणी सांगत नाही.

मग कुणी म्हणतं, गुण म्हणजे गुण, त्यात जातपात नाही. क तुकडीची हजेरी वाचा एकदा. आडनावं बघा, गावं बघा, कुणाचे वडील ऊसतोडीला जातात ते बघा. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा शाहू महाराजांनी १९१९ मध्ये बंद केल्या आणि ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायला लावली. त्या अन्यायाशी तुकड्यांची बरोबरी मी करत नाही, तेवढं मला समजतं. पण दसरा चौकातल्या त्यांच्या पुतळ्याला हार घालून यायचं आणि आल्यावर मुलांच्या अशा याद्या लावायच्या, हे माझ्या पचनी पडत नाही.

गट करूच नयेत असं माझं म्हणणं नाही. अपूर्णांक येत नसलेल्यांना एकत्र बसवून मीही शिकवते. ‘प्रथम’ संस्थेनं प्राथमिक शाळांत हेच केलं, इयत्ता बाजूला ठेवून मुलाला आज काय येतं त्यावरून गट, तेही दिवसातला थोडा वेळ. अपूर्णांक आले की माझा गट मोडतो. कुणाच्या प्रगतिपुस्तकावर तो छापला जात नाही.

मिसळलेल्या वर्गात हुशार मुलाला कंटाळा येतो, हेही खरं. गेल्या वर्षी एका वडिलांनी सरळ विचारलं, ‘माझ्या पोरानं वर्षभर दुसऱ्यांना गणित समजावून सांगायचं, तर त्याला नवीन कोण शिकवणार?’ साठ मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास, यात त्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यांना शनिवारी शाळा सुटल्यावर मुलाला पाठवायला सांगितलं. त्यांनी त्याचं नाव दुसऱ्या शाळेत घातलं.