तुम्ही विचारलंत म्हणून: दोन हजारात कुठले इन-इअर घ्यावेत?

महिन्यातून निदान दोनदा हा प्रश्न येतो. कधी कराडहून, कधी इचलकरंजीहून, कधी एखाद्या खेड्यातल्या पंचवीस घरांच्या ख्रिस्ती मंडळीतून. मध्यंतरी एका भजनी मंडळानेही विचारलं. 'ताई, उपासनेच्या टीमला इन-इअर घ्यायचेत, माणशी दोन हजार, कुठले घेऊ?' इन-इअर म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना टीमचा आवाज थेट कानात ऐकवणारे इअरफोन. मी सांगलीत गणित शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये मिक्सरवर बसते, माझा अधिकार एवढाच. पण पूर्वी कधीतरी मी एका ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला होता: 'स्टेजवरचे मॉनिटर काढून टाका, सगळ्यांना इन-इअर द्या, बघा गाणं कसं सुधारतं!!' (मॉनिटर म्हणजे गाणाऱ्यांना आपला आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर.) तो मेसेज अजून फिरतोय. फिरून फिरून मलाच येतो, माझ्याच नावासकट. त्यातली ती दोन उद्गारचिन्हं बघून आता कसंतरी होतं.

म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. पुढच्या वेळी हेच पाठवीन.

मॉडेलचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. केझेड, मूनड्रॉप अशा चिनी कंपन्यांचे पंधराशे-दोन हजारांतले वायरवाले इअरफोन आपल्या कामाला पुरतात. शुअरचा एसई २१५ चांगलाच आहे, पण त्या एका जोडीच्या पैशात आमची तीन-चार माणसं निघतात. वायर काढता-घालता येणारी घ्या, कारण आधी वायर जाते, इअरफोन मागाहून. आत ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे चिमुकले स्पीकर, किती हे विचारूच नका. पाच ड्रायव्हर म्हणजे पाचपट गोड आवाज, असं काही नसतं. खरं काम करतं ते टोकाचं रबर. कानात ते घट्ट बसलं नाही तर खर्ज गळून जातो, आवाज पत्र्यासारखा लागतो, माणूस 'अजून वाढव' म्हणतो आणि दोष इअरफोनला जातो. घालून नुसतं 'म्म्म' करून बघा. आपलाच आवाज डोक्यात घुमला तर बसलं. दोन कानांना दोन वेगळी मापं लागू शकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या गाणाऱ्या बायकांत कुणाच्या झुमक्यात वायर अडकायची, कुणाच्या गजऱ्यात. साडीवर बेल्टपॅक, म्हणजे इअरफोनची वायर जिथे जाते तो कमरेचा डबा, लावायचा कुठे, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. आम्ही आता निऱ्यांच्या बाजूला जाड नाडी बांधून तिला अडकवतो.

ब्लूटूथ नको. हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो. मिनिटाला ९० मात्रांचं गाणं असेल तर एक मात्रा साधारण ६६७ मिलिसेकंदांची, म्हणजे २०० हा तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा. हवेतून आवाज एका मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. त्या हिशोबाने तुमचा कीबोर्डवाला साठ-सत्तर मीटरवर, रस्त्यापलीकडे उभा राहून साथ करतोय. 'पण माझ्याकडे आधीचेच आहेत हो ताई.' असू देत. फोनवर बोलायला वापरा.

आणि मिक्सरच्या ऑक्समध्ये, म्हणजे टीमला ऐकवायचा आवाज जिथून वेगळा बाहेर काढतात तिथे, कन्व्हर्टर लावून इअरफोन थेट खुपसू नका. मी खुपसला होता. आवाज दोन्ही कानांत आला, पण विहिरीत वाकून बोलल्यासारखा पोकळ, डोक्याच्या मागून कुठूनतरी. रात्रभर मी वायरी बदलत बसले. वायर ठीक होती. बॅलन्स्ड आउटपुटमध्ये एका तारेवर सिग्नल आणि दुसरीवर तोच उलटा असतो, आणि मी सुलटा एका कानात, उलटा दुसऱ्या कानात सोडला होता. मध्ये हेडफोन ॲम्प्लिफायर हवाच. चौघांना आवाजांची एकच मिसळ चालणार असेल तर चार इअरफोन लागणारा छोटा डबा, नाहीतर प्रत्येकाला बेरिंजर पी-२ सारखा, छोट्या सेलवर चालणारा. ऑक्स प्री-फेडर, म्हणजे हॉलच्या आवाजाच्या सरकपट्टीच्या (फेडरच्या) आधी आवाज घेणारा, आहे का तेही बघा, नाहीतर तुम्ही हॉलमधला आवाज कमी केला की गाणाऱ्याच्या कानातलाही जातो आणि तो भर उपासनेत तुमच्याकडे डोळे वटारतो.

एक कान उघडा ठेवून वाजवू नका, हेही सांगते. मात्र आमचा ड्रमवाला तेच करतो आणि मी थकले. एक कान काढला की दुसऱ्याचा आवाज माणूस नकळत वाढवतो. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या हिशोबाने कानांना ८५ डेसिबल आठ तास चालतो आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. आमची सराव-बैठकच दोन तासांची असते.

झालं. एवढ्यासाठीच विचारलं असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

आता जे मी आजवर कुणाला लिहिलं नाही ते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमची जुनी साउंड सिस्टिम पाण्यात गेली. पुढे तरुण संघाने थोडे थोडे पैसे जमवले, काही अर्पणातून आले, आणि खरेदीची यादी माझ्याकडे आली. आमचा हॉल दगडी भिंतींचा, वर पत्रा. स्टेजवर मॉनिटर जरा वाढवला की शिट्टी, कमी केला की मुली घसा फाडून गाणार आणि सोमवारी शाळेत बसके आवाज घेऊन येणार. इन-इअरचा निर्णय चुकीचा नव्हता. हे मी आजही म्हणते आणि जरा जोरात म्हणते, कारण पुढचं वाचून लोकांना वाटेल की मी पलटले.

पेटीवर माझे मामा होते. मला पहिले सूर त्यांनीच शिकवले. तीस वर्षांच्या वर ते मंडळीला साथ करत होते, आणि ही साथ म्हणजे काय हे मला तेव्हा कळत नव्हतं, रोज समोर दिसत असूनही. आमची मंडळी प्रत्येक ओळीच्या शेवटी रेंगाळते. मागच्या बाकावरच्या आज्या शेवटचं अक्षर धरून ठेवतात. मामा भात्याचा वेग कमी करून सूर तसाच तेवत ठेवायचे, शेवटची आजी श्वास घेईपर्यंत, आणि मग पुढची ओळ उचलायचे. मी त्याला मनातल्या मनात 'लय सांभाळता येत नाही' म्हणायचे. गणिताची बाई.

२०२२ चा ईस्टर, पहाटेची उपासना. दोन वर्षांनी हॉल गच्च भरलेला, मागे खुर्च्या टाकलेल्या. मामांच्या कानात मी स्वतः इअरफोन बसवले, 'म्म्म' करायला लावलं, ते हसले. पहिलं गीत टीमचंच होतं, मस्त झालं. शिट्टी नाही, मुली मोकळ्या आवाजात गातायत. मिक्सरमागे माझी कॉलर ताठ. दुसरं गीत मंडळीचं. मामांच्या कानात त्यांची पेटी आणि चौघांचे माइक, बस्स. माइक ओठांपाशी, त्यात हॉल येतच नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत टीम आणि मामा एकीकडे, मंडळी अर्धी ओळ मागे. लोक गोंधळले. काहींनी आवाज चढवला, काही गप्प झाले. मला मिक्सरवरून दोन गाणी ऐकू येत होती.

मग मामांनी मान वर केली. मला वाटतं त्यांनी लोकांची तोंडं बघितली. शब्द चालू होते, पण त्यांच्या कानातल्या ओळीशी जुळत नव्हते. त्यांनी दोन्ही इअरफोन काढून गळ्यात सोडले आणि भाता थांबवला. मला वाटलं, पेटीचा माइक गेला. मी त्यांचा फेडर वर नेला. आवाज नाही. आणखी वर नेला. सगळ्या हॉलभर भात्यातून सुटणारी हवा ऐकू आली, आणि मामांचं घसा साफ करणं. मंडळी तशीच गात राहिली, बिनपेटीची, आपल्या चालीने, आणि सांगायला वाईट वाटतं, पण छान गात राहिली.

उपासना संपल्यावर त्यांनी वायर गुंडाळून रुमालात ठेवली आणि रुमाल मिक्सरवर आणून ठेवला. "हे ठेव तुझ्याकडं, पोरी. ह्यात माणसं ऐकू येत नाहीत."

मी तिथेच, पाळकसाहेब आणि चार-सहा लोकांदेखत म्हणाले, "मामा, सवय होईल. आता सगळीकडे असंच वाजवतात."

पुढच्या रविवारी ते तिसऱ्या बाकावर बसले. बोटं दुखतात म्हणाले. घरी भांडण नाही, अबोला नाही. जेवायला आले, मटण छान झालंय म्हणाले. त्यामुळे मला माफी मागायलाही जागा उरली नाही.

खरेदीच्या यादीत पाचव्या नंबरला दोन ॲम्बियन्स माइक होते. मंडळीकडे तोंड करून लावायचे, त्यांचा आवाज फक्त इन-इअरमध्ये सोडायचा, बाहेरच्या स्पीकरला नाही. मला ते माहीत नव्हतं असं नाही. यादीत मीच लिहिलं होतं आणि मीच पेनाने खोडलं, कारण पैसे कमी पडत होते आणि त्याऐवजी आणखी एक इअरफोन बसत होता. लोकांना इअरफोन दिसतात. भिंतीवरचा माइक कोण बघतो?

एकदा मिरजेत तंतुवाद्यवाल्यांकडे गेले होते, शाळेचा तंबोरा जवारीला द्यायला. तिथे सहज सुचलं की गवयाच्या मागे तंबोरे धरून बसवतात ते काही शोभेला नाही. सूर कानाच्या मागून, अगदी जवळून मिळतो आणि समोरचे श्रोतेही तसेच ऐकू येत राहतात. मॉनिटर म्हणजे हेच, आणि ते आपल्याकडे आधीपासून होतं. हे मी घरी सांगितलं तर भाऊ म्हणाला, 'मग तंबोरे धरायला तरुण संघाला बसव.'

आता हॉलमध्ये दोन माइक आहेत, जुनेच, मंडळीकडे वळवलेले. मुली म्हणतात बरं वाटतं. मी मामांना आग्रहाने बोलावून एका शनिवारी कानात लावून दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "पंखे मस्त ऐकू येतात." खरंच येत होते. सहा पंखे, आणि त्यांच्या मागे कुठेतरी माणसं. माइक खाली आणले, पंख्यांच्या फ्रिक्वेन्सी कापल्या, थोडं सुधारलं. मामा नाताळला आणि ईस्टरला वाजवतात, उघड्या कानांनी, पेटी बाकांच्या बाजूला सरकवून. त्या दिवशी टीम त्यांच्या मागे जाते आणि नेमकी अडखळते. बाकीच्या रविवारी कीबोर्डवाला मुलगा मेट्रोनोमच्या ठरावीक टिकटिकीवर वाजवतो आणि मंडळी त्याच्या मागे जाते, बऱ्यापैकी. आज्यांपैकी दोघी आता शेवटचं अक्षर धरत नाहीत. ही सुधारणा म्हणायची का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मुलींचे घसे मात्र शाबूत आहेत, आणि तो जुना मेसेज लिहिणारी मी कधी कधी म्हणते, बघ, सांगितलं होतं ना.

परवा तासगावच्या एका मुलाने तोच प्रश्न विचारला. मी त्याला उलट विचारलं, तुमचा पेटीवाला कुठे बसतो? तो म्हणाला, "पेटी नाही ताई, कीबोर्ड आहे. मीच वाजवतो." मला हायसं वाटलं. पंधराशेवाला एक सांगितला, रबराचं सांगितलं, ऑक्सचं सांगितलं. मग राहवेना म्हणून विचारलं, मंडळी किती हळू गाते?

"लई," तो म्हणाला.