तुम्ही विचारलंत म्हणून: चौथा अक्ष बसवावा का?

आमच्या देव्हाऱ्याचे खांब पाहिले की ओळखीतल्या यंत्रवेड्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "माझ्याकडेही छोटं सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर कोरणारं यंत्र) आहे. त्याला फोर्थ अ‍ॅक्सिस बसवावा का?" चौथा अक्ष म्हणजे एक्स (लांबी), वाय (रुंदी) आणि झेड (वर-खाली) या तीन सरळ हालचालींच्या जोडीला लाकूड गोल फिरवणारी चौथी हालचाल. उभ्याउभ्या या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

बसवा. पण कशासाठी हवा, ते आधी ठरवा. मला सागवानाचे चार खांब करायचे होते. जाडी 50 मिमी, खाली चौकोनी बैठक आणि वर खांबाला वेढे घेत चढणारी वेल. नुसते गोल खांब हवे असते तर मी कातारीकडे गेलो असतो. लेथवर तो ते माझ्याहून लवकर आणि सुबक कातून देतो. वेल मात्र चारी बाजूंनी फिरते, आणि माझं यंत्र लाकडाला फक्त वरून भिडत होतं. जॉब (कोरायचं लाकूड) धरून फिरवणारं चक, ते फिरवणारी स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) आणि दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक, एवढा संच बसवल्यावर ही अडचण सुटते.

पहिला अडथळा जागेचा आला. चक 80 मिमीचं आणि त्याच्या केंद्राची उंची 65 मिमी, म्हणजे चकचा माथाच 105 मिमीवर. माझ्या टेबलापासून गॅन्ट्रीच्या (टेबलावरची कटर धरणारी आडवी चौकट) खालच्या कडेपर्यंत जागा होती 90 मिमी. शेवटी टेबलाची फळी कापून सगळा संच 40 मिमी खाली बसवला. खरेदीआधी ही उंची मोजली असती तर दोन रविवार वाचले असते.

मग कंट्रोलर, म्हणजे मोटरींना हुकूम देणारा भाग. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवरचं मूळ जीआरबीएल हे सॉफ्टवेअर तीनच अक्ष जाणतं. चारही अक्ष एकत्र चालवायचे तर ग्रबलहाल, फ्लुइडएनसी किंवा लिनक्ससीएनसी अशा दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जावं लागतं. मी सोपी वाट धरली: वायची मोटर सोडवून तिच्या जागी फिरती मोटर जोडली. यंत्राला वाटतं आपण वायमध्ये सरळ चाललोय, प्रत्यक्षात लाकूड फिरत असतं. (हा बदल करताना वीज पूर्ण बंद हवी. चालू ड्रायव्हरवरून (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) मोटरची वायर उपसली की ड्रायव्हर जळू शकतो. माझा एक जळला.)

हिशेब असा. मोटरच्या एका फेऱ्यात 200 पावलं, प्रत्येकाचे आठ भाग, पुढे बेल्टची 6:1 पुली. म्हणजे चकच्या एका फेऱ्याला 9600 पावलं. 50 मिमी व्यासाचा परीघ 157.08 मिमी, म्हणून दर मिलिमीटरला 61.1 पावलं. चित्राची रुंदी आणि सेटिंगमधला परीघ मात्र एकच हवा. लाकूड मोजल्यावर 51 मिमी भरलं म्हणून मी सेटिंग बदललं, चित्र तसंच ठेवलं, आणि वेलीची दोन टोकं तीन मिलिमीटरने चुकली. खोलीचंही भान ठेवा: वर 10 मिमी रुंद असलेलं पान 5 मिमी आत गेल्यावर 8 मिमीचं होतं, कारण तिथे परीघच लहान असतो.

खरा वेळ गेला केंद्ररेषा शोधण्यात, आणि माझ्या मते सगळं काम तिथेच ठरतं. चकमध्ये ग्राइंड केलेला सरळ रॉड धरा, स्पिंडलला (कटर फिरवणारा भाग) डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, लावा आणि एक्सच्या दिशेने चालवा, एकदा रॉडच्या माथ्यावरून, एकदा कुशीवरून. काटा हलतो म्हणजे अक्ष तिरका आहे. तसाच सोडलात तर खांब एका टोकाला जाड होतो, आणि चार खांब शेजारी उभे केले की ते लगेच दिसतं. बैठकीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. 0 आणि 180 अंशांवर समोरासमोरच्या बाजू सपाट केल्या. जाडी 40 मिमी हवी होती, 40.6 भरली. माझी केंद्राची उंची 0.3 मिमीने चुकली होती आणि दोन्ही बाजूंनी मिळून ती चूक दुप्पट झाली होती. आता प्रत्येक नव्या बांधणीनंतर टाकाऊ तुकड्यावर ही चाचणी घेतल्याशिवाय सागवानाला हात लावत नाही. वायचं शून्य केंद्रावर नसेल तर व्ही-बिटची (टोकदार कटरची) रेघ एका कुशीला कलते. तेही याच तुकड्यावर तपासतो.

जीआरबीएलमध्ये $1=255 हे सेटिंग करून ठेवा, म्हणजे मोटर थांबल्यावरही आवळलेली राहते. नाहीतर दोन प्रोग्रॅमच्या मधे मोटर सैल पडते, जॉब हाताच्या धक्क्याने फिरतो आणि शून्य हरवतं.

सुरुवात वेलीने करू नका. एक काठी धरा, 60-60 अंशांनी फिरवत सहा बाजू सपाट करा आणि समोरासमोरच्या तिन्ही जोड्या कॅलिपरने मोजा. तिन्ही माप सारखी आली की पहिला खांब बांधा.