दोन वाजल्यानंतर चालेल म्हणे

मंगळवार, 18 एप्रिल 2023, रात्री सव्वादहा

आजपासून अ‍ॅन्युअल पासवाल्यांना दुपारी दोननंतर, कोविडपासून लागणारं रिझर्व्हेशन न करता, इथल्या डिस्नी वर्ल्डच्या पार्कात जाता येणार, फक्त शनिवार-रविवारी त्यातल्या मॅजिक किंगडम ह्या पार्कात नाही. नियम एवढाच, पण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून कुणाचं तरी ग्रीन कार्ड आल्यासारखा जल्लोष चालूय. ऑर्लँडोच्या बाहेरच्या माणसाला हे समजावणं म्हणजे कठीणच. माझी बहीण पुण्याहून म्हणते, अगं पास आहे ना तुझ्याकडे वर्षाचा, मग परवानगी कसली घेत होतीस इतके दिवस? आता हिला काय सांगू.

तर लिहूनच काढते सगळं, झोप येतच नाहीये.

आम्ही विंटर गार्डनला राहतो, इथून मॅजिक किंगडम गाडीने अगदी जवळ. फ्लोरिडात राहणाऱ्यांना पासचे पैसे महिन्याच्या हप्त्याने भरता येतात, त्यामुळे जिमची फी जाते तशी ती रक्कम खात्यातून जायची आणि आपण डिस्नी वर्ल्डला जातोय असं कधी वाटायचंच नाही. टूरिस्ट लोक सकाळी सातला उठून, सहा महिने आधी प्लॅन करून, टीशर्ट छापून येतात, आम्ही आपले रात्रीची भांडी डिशवॉशरमध्ये टाकून एपकॉट ह्या तिथल्याच दुसऱ्या पार्कात तळ्याभोवती एक चक्कर मारून परत. राइड एकही नाही कधीकधी. आमची लेक सई लहान असताना दुपारी झोपायची नाही तेव्हा तिला स्ट्रोलरमध्ये घालून मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर फिरवायचे, एसी दुकानातून इकडून तिकडे. पास कशासाठी घेतला म्हणाल तर ह्यासाठी. मनात आलं की जायचं आणि कंटाळा आला की अर्ध्या तासात परत फिरायचं, तिकिटाचे पैसे वसूल करायचं टेन्शन नाही.

2020 च्या जानेवारीत सासूबाई-सासरे आले होते सांगलीहून. आईंना राइड्स आवडत नाहीत, चक्कर येते, पण ती पीपलमूव्हर आहे ना टुमॉरोलँडमध्ये, वरून सगळीकडून हळूहळू फिरवून आणते, त्यात त्या तीन-तीन फेऱ्या बसायच्या. बाबा खाली बाकावर पेपर वाचायचे, म्हणजे फोनवर सकाळ. रात्री घरी असलो की नवाच्या सुमारास फटाक्यांचे आवाज यायचे मॅजिक किंगडमचे, आमच्या मागच्या अंगणातून झाडांच्या वर लाल-हिरवा उजेडही दिसतो, आणि आई रोज न चुकता म्हणायच्या, "लागली बाई ह्यांची दिवाळी." रोज. सईला ते इतकं पाठ झालं होतं की ती आईंच्या आधीच म्हणून टाकायची.

12 मार्च 2020 ला संध्याकाळी बातमी आली, रविवारी 15 तारखेला रात्री पार्क बंद होणार, महिनाअखेरपर्यंत. महिनाअखेरपर्यंत! आम्ही सगळे हसलो होतो की दोन आठवडे काय, वादळात दोन दिवस बंद असतं तसं जरा लांबलेलं. 1971 पासून इथे एवढं सलग कधीच बंद नव्हतं. मग 20 तारखेला संध्याकाळी पाचला हॉटेलंही बंद झाली, 27 ला "पुढील सूचना मिळेपर्यंत" असं आलं आणि तिकडे भारताने 22 पासून आंतरराष्ट्रीय विमानं थांबवलेली. आईबाबांचं परतीचं तिकीट एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं. गेलं ते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या आणल्या होत्या म्हणून बरं, पण व्हिसावर राहण्याची मुदतही सहाच महिन्यांची, मग ती वाढवायचा अर्ज, फॉर्म आय-539, त्याची फी, सगळं माझा नवरा निखिल रात्री बसून करायचा.

आणि नवाला सगळं चिडीचूप. आई दोन-तीन दिवस मागच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या आणि काही न बोलता आत यायच्या.

आमच्याकडे टाइमशेअरही आहे, हे घरच्या बऱ्याच लोकांना माहीत नाही कारण सांगितलं की लगेच "फसवलं गं तुम्हाला" सुरू होतं. डिस्नी व्हेकेशन क्लब, सगळे डीव्हीसी म्हणतात. तिकडे क्लब महिंद्रा असतं तसंच काहीसं, दरवर्षी ठराविक पॉइंट मिळतात आणि ते वापरून खोल्या घ्यायच्या. आम्ही कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलं, साराटोगा स्प्रिंग्जचं, करार 2054 पर्यंत. 2054 ला मी किती वर्षांची असेन हा हिशोब मी सही करताना केला नव्हता, लॉकडाऊनमध्ये केला. घर जवळ असताना हॉटेल कशाला असं आईंनीही विचारलं होतं. पण घरापासून पंधरा मैलांवर जाऊन चादर न घडी करता बाहेर पडायचं ह्यात जे सुख आहे ते मी नोकरी आणि पोर दोन्ही सांभाळणाऱ्या बाईलाच समजावून सांगू शकते. अर्थात राइस कुकर बरोबर असतोच.

एप्रिलमध्ये आम्ही चौघं अधिक सई असे तिकडे चार रात्री राहणार होतो, टू-बेडरूम घेतली होती, पुढच्या वर्षाचे पॉइंट उसने घेऊन. ते रद्द झालं, उसने घेतलेले पॉइंट जिथून आले तिथे परत गेले, चांगलंच की. पण मग नियम आला की पुढच्या वर्षाचे पॉइंट निम्मेच उसने घेता येतील. ग्रुपवर लोक वैतागले, मी पण, मग निखिलने समजावलं ते मला पटलं, की बघ, खोल्या आहेत तेवढ्याच आहेत, वर्षाच्या रात्री तेवढ्याच, आणि सगळे पॉइंट मिळून त्या रात्रींइतकेच असतात. आता दोन-तीन महिन्यांच्या रात्री रिकाम्या गेल्या त्या गेल्या, पॉइंट मात्र सगळ्यांच्या खात्यात जिवंत. सगळे एकदम पुढच्या वर्षी त्याच खोल्यांवर तुटून पडले तर? म्हणून ती निम्म्याची अट. मेंटेनन्सची वार्षिक रक्कम मात्र भरायचीच, तेव्हा पॉइंटमागे सहा-सात डॉलरच्या घरात, कारण छप्पर, कर, इन्शुरन्स कुणी राहो न राहो चालूच राहतं. डोक्याला पटतं, जानेवारीत चेक लिहिताना पटत नाही.

माझी एक मैत्रीण, न्यू जर्सीची, तिचं तर काहीच नव्हतं, तिने एका दलालामार्फत कुणा मेंबरचे पॉइंट भाड्याने घेऊन खोली घेतली होती. तिला पैसे परत नाही, व्हाउचर. पुढचे कितीतरी दिवस ती मला फोन करून विचारायची की तुझ्या ओळखीचं कुणी आहे का तिथे. माझ्या ओळखीचं कोण असणार.

खरं तर होतं. आमच्या शेजारची बाई पार्कात नोकरीला, पार्किंगच्या ट्रामवर, केस पांढरे, आवाज खणखणीत. एप्रिलमध्ये हजारो लोकांना बिनपगारी घरी बसवलं त्यात ती. आई तिला कुंपणावरून डबा द्यायच्या, इंग्रजी आईंना येत नाही आणि मराठी तिला, तरी पंधरा-पंधरा मिनिटं दोघींचं चालायचं. तिला थालीपीठ आवडलं होतं. 29 सप्टेंबरला कंपनीने अमेरिकेतल्या पार्क विभागातून 28 हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं, त्यातले दोन तृतीयांश पार्टटाइम. ती होती त्यात. पुढच्या वसंतात घर विकून मुलाकडे जॉर्जियाला गेली. मी आपली पासच्या पैशाचं काय होणार म्हणून ग्रुपवर मेसेज टाकत होते आणि कुंपणापलीकडे हे.

11 जुलैला मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम उघडलं, पासवाल्यांना त्याआधी दोन दिवस प्रीव्ह्यू होता. दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडात एका दिवसात पंधरा हजारांवर केसेस निघाल्या, तोवर कुठल्याच राज्यात एवढ्या निघाल्या नव्हत्या. घरात सत्तरीचे दोघं. अर्थातच आम्ही गेलो नाही. सईने रडून घर डोक्यावर घेतलं, आई म्हणाल्या, "जा गं तिला घेऊन, आम्ही वरच्या खोलीत राहू," आणि ते ऐकून मलाच रडू आलं. ऑगस्टमध्ये भारत सरकारच्या वंदे भारत मोहिमेच्या विमानात दोन जागा मिळाल्या, न्यूअर्कहून. तिथपर्यंत निखिल सोडायला गेला. मुंबईत उतरून हॉटेलात क्वारंटाइन आणि मग सांगली. मी आईंना पार्कात शेवटचं एकदा घेऊन जायचं म्हणत होते, पण पीपलमूव्हर तेव्हा बंदच होती, ती थेट 2021 च्या एप्रिलअखेर चालू झाली.

ते गेल्यावर आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो. रिझर्व्हेशन करून. कुठला दिवस, कुठलं पार्क, आधी ठरवायचं, पासवर एका वेळी तीनच दिवस धरून ठेवता यायचे, एक वापरला की पुढचा. गेटवर ताप बघायचे, दोन वर्षांवरच्या सगळ्यांना मास्क, फ्लोरिडाच्या सप्टेंबरात मास्क म्हणजे काय ते ज्याने लावला त्यालाच माहीत. राइडच्या गाड्यांमध्ये प्लास्टिकचे पडदे, रांगेत जमिनीवर खुणा. परेड नाही, फटाके नाहीत, मिकी लांबून सजवलेल्या गाडीवरून जायचा हात हलवत. आणि गर्दी इतकी कमी की सईने एकाच दुपारी तिला हवं ते सगळं केलं. लोक म्हणतात तो काळ सोन्याचा होता, रांगाच नव्हत्या. होता, खोटं कशाला बोलू. पण मी सतत घड्याळ बघत होते, आलोच आहोत तर हेही करून घेऊ, तेही करून घेऊ, परत तारीख मिळेल न मिळेल. इतकी वर्षं ज्या टूरिस्टांना हसत होते त्यांच्यासारखीच मी धावत होते. परत फिरताना निखिल म्हणाला, आज दमलो बुवा, आणि मला वाटलं की एपकॉटच्या त्या रात्रीच्या चकरांनी आम्ही कधी दमलोच नव्हतो.

रिझर्व्हेशनला दोष देण्यात अर्थ नाही, गर्दीवर मर्यादा ठेवायची तर नोंद लागणारच. पंचवीस टक्क्यांवर सुरू करून नोव्हेंबरपर्यंत पस्तीसवर नेली होती म्हणे. पण मर्यादा सैल झाली, मास्क गेले, फटाके 1 जुलै 2021 ला परत आले (मी आईंना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे पहाटेचे साडेसहा, त्या चहा टाकत होत्या, म्हणाल्या ऐकू येत नाही नीट, पण दिसतंय), रिझर्व्हेशन मात्र राहिलं. पुढेही राहिलं. एक-एक गोष्ट परत येत गेली आणि ज्यासाठी आम्ही पास घेतला होता ती रांगेत सर्वात शेवटी.

एप्रिल 2021 बद्दल लिहू की नको. साराटोगाला चार रात्रींचं बुकिंग होतं, मेअखेर संपणारे पॉइंट, उशिरा रद्द केलं तर हातचे जाणार होते. आम्हा दोघांना नुकताच लसीचा पहिला डोस मिळालेला, इथे 5 तारखेपासून अठरावरच्या सगळ्यांना खुला होता. तिकडे भारतात अजून पंचेचाळीसच्या वरच्यांनाच, आणि रोज कुणाचा तरी बेड शोधायचा मेसेज, ऑक्सिजन, रेमडेसिविर. आम्ही गेलो तिथे राहायला. दुसऱ्या रात्री माझे मामा गेले, मिरजेला. कुणालाच जाता आलं नाही, मामेभाऊ एकटा लांबून उभा होता, त्याने फोन धरला होता आणि मी स्टुडिओतल्या पलंगावर बसून ते बघितलं. सई झोपलेली. कुकरमधला भात तसाच. सकाळी चेकआउट केलं नाही, राहिलो पूर्ण चार रात्री, का ते मला अजून सांगता येत नाही. पूलवर पण नेलं सईला.

ह्यावर निखिल आणि मी कधी बोललो नाही.

बरं, आजचं. ऑफिसचा शेवटचा कॉल चारला संपला, सईला शाळेतून घेतलं आणि तशीच एपकॉटला गेले. स्कॅन केलं, हिरवा दिवा. सई आता अकराची, तिला मैत्रिणींशिवाय यायचंच नव्हतं, फोनमध्ये डोकं. तळ्याकाठच्या जपानच्या भागापर्यंत चालत गेलो, तिने काकिगोरी, म्हणजे बर्फाचा गोळा, घेतली, मी तिच्यातलीच खाल्ली, तिचं म्हणणं घरी जाऊया होमवर्क आहे. पाऊण तासात गाडीत. बस.

परवा 20 तारखेपासून नव्या पासची विक्री उघडतेय, 2021 च्या नोव्हेंबरात थांबवली होती त्यानंतर पहिल्यांदा, म्हणजे सगळ्यात स्वस्त पिक्सी डस्ट सोडून बाकीची. ग्रुपवरची ती नवीन मुलगी, हिंजवडीहून आलेली, दोन महिने झाले असतील, ती मला सारखं विचारतेय कुठला घेऊ. ह्या वर्षी, 2023 ला, सगळ्यात महाग इनक्रेडी-पास 1399 डॉलर, पिक्सी डस्ट 399 पण त्यात शनिवार-रविवार नाही. ती घरून काम करते, तिला पिक्सी डस्ट पुरे. नवऱ्याला सुट्टी वीकेंडलाच असते म्हणून तो नाही म्हणतोय. आत्ता परत मेसेज आला तिचा, ताई, पण पुन्हा कधी बंद झालं तर पैसे बुडतात का?

मी उत्तर दिलं, नाही बुडत गं, तेवढे दिवस वाढवून देतात, आम्हाला 2020 चे 117 दिवस मिळाले होते, नको असेल त्याला पैसेही परत.

तर म्हणते, अरे वा, मग तुमचं काहीच नुकसान नाही झालं!

दोन ओळी टाइप केल्या, पुसल्या. मग पिक्सी डस्टची लिंक पाठवली आणि सांगितलं की घेणार असशील तर सकाळी लवकर लॉगिन करून बस, वेटिंग असेल.