द्राक्षमणी, चिपाड आणि जिवाणू : उन्हाळी पिंपांची खबरबात

मंडळी, द्राक्षाचा हंगाम सरत आला, तेव्हा गच्चीवरच्या खताच्या दोन्ही पिंपांची खबर देतो. यंदाचा माल जवळपास सगळा पंचवटीतल्या भाजीवाल्या मावशींकडचा: गळलेले द्राक्षमणी, फुटलेले टोमॅटो, काजळी धरलेला कांदा. मी दिसलो की त्या क्रेट पुढे सरकवतात, "घेऊन जा दादा, नाहीतर घंटागाडीतच जायचंय."

दोन्ही पिंपांत माल एकच, सुका भागही सारखाच. फरक विरजणाचा. एकात गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय आणि नैसर्गिक शेती केंद्राचं वेस्ट डिकंपोजर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, २०० लिटर पाण्याला २ किलो गूळ या हिशेबानं वाढवलेलं. दुसऱ्यात फक्त गेल्या वर्षीच्या तयार खताच्या काही ओंजळी. दोन्ही पिंपं साधारण सारखीच तापली. विकतचं कल्चर वाईट नाही, पण सडक्या फळावर जिवाणू आधीच पोटभर असतात आणि जुन्या खतात तर त्यांची अख्खी वसाहत असते. आपण त्यांना हवा देतो की नाही, यावर सगळं ठरतं.

टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी, द्राक्षात ८० च्या आसपास. माल दबला की रस सुटतो आणि मधल्या पोकळ्या भरतात. ऑक्सिजन संपला की साखरेचं लॅक्टिक, ॲसिटिक अशा आम्लांत रूपांतर करणारे जिवाणू जोर धरतात. आम्लता मोजणारी पीएचची पट्टी ४ ते ५ दाखवत होती, झाकण उघडलं की आंबूस भपकारा. तापमान चाळिशीजवळ येऊन अडलं, कारण ४५ अंशांपुढे काम करणाऱ्या जिवाणूंना इतकं आम्ल सोसत नाही.

इथे रसवंतीचं चिपाड कामाला आलं. गच्चीवर कडकडीत वाळवून, बोटाएवढे तुकडे करून ते मिसळलं आणि माल तळापासून उलथला. चिपाड ओलं घालू नका, उरलेल्या साखरेनं तेच आंबतं. हवा मिळाली की दुसरे जिवाणू तीच आम्लं खाऊन संपवतात, प्रथिनांतून अमोनिया सुटतो आणि पीएच आपोआप वर चढतो. चुना किंवा राख ओतायची मला गरज पडली नाही. थर्मामीटर ५५ च्या पुढे गेला तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण रोगजंतू आणि तणाचं बी मारायला ही उष्णता लागतेच.

कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला १ असं पुस्तकात असतं. घरी मी मूठ दाबून ओलावा तेवढा बघतो: बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी चिपाड.

परवा सकाळी झाकण काढलं तर वाफेखाली चिपाडाच्या तुकड्यांवर राख भुरभुरल्यासारखा करडा-पांढरा थर होता. नवीन मंडळींनो, तो बुरशी समजून फेकू नका. तंतू दिसत असले तरी हे ॲक्टिनोमायसिटीज, म्हणजे जिवाणूच. चिपाडातला चिवट भाग फोडायचं काम ते करतात. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, त्यातलं जिओस्मिन हेच बनवतात. नाक जवळ नेऊन बघा, आंबूसपणा मागे पडलेला लगेच कळतो.

कांदा मात्र चिवट. अख्खा टाकला तर पापुद्र्यांच्या आत हवाच जात नाही आणि गंधकाचा वास इमारतभर फिरतो. चिरून, पिंपाच्या मध्यावर, गरम भागात पुरायचा. मोसंबी-संत्र्याच्या साली थोड्याच, कारण त्यांच्यातलं लिमोनीन जिवाणूंना मारक असतं.

आता दोन्ही पिंपं निवत आहेत, माल मुरायला तसाच ठेवणार. रसवंत्या बंद व्हायच्या आत चिपाडाची पोती भरून ठेवतोय, कारण पावसाळ्यात टोमॅटोचा ढीग येतो आणि सुकं काही मिळत नाही. टोमॅटोसोबत लाकडाचा भुसा कुणी वापरलाय का? तो दबून गच्च बसतो का, तेवढं सांगा.