मनीचा रिपोर्ट नॉर्मल आला

नागपुरात धरमपेठ ते सेमिनरी हिल्सचा जनावरांचा दवाखाना, आमची मांजर मनी आज टोपलीतून सारखी ओरडत होती. वय १२ वर्षं. दोन महिन्यांत साडेचार किलोची साडेतीन झाली, आठवड्यातून दोन-तीनदा उलटी. रक्ताचा रिपोर्ट मात्र स्वच्छ. आई म्हणाली, "सगळं नॉर्मल आहे ना बाप्पा, मग काऊन तोंड पाडून बसली?"

तेच तर. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, रक्तातून किडनी, लिव्हर, थायरॉइड, साखर कळते. म्हाताऱ्या मांजरी यांनीही वाळतात, म्हणून ती तपासणी वाया गेली नाही. पण आतड्यात लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) असूनही सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नॉर्मल येऊ शकतो. फेलाइन ल्युकेमियाची टेस्टसुद्धा विषाणू शोधते, कॅन्सर नाही. (ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर, त्या नावावरून मी तरी फसले होते.) सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली. ती जुनाट सुजेनंही होते म्हणे. नक्की काय ते तुकडा काढून तपासल्यावरच कळणार.

सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस सफाचट केलेत. घरी आल्यापासून कूलरसमोर बसून तेवढाच गुलाबी भाग चाटतेय. बायोप्सी गुरुवारी.