घोड्यावरून उतरल्यावर

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे सरकला की दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्यात काही अर्थ नसतो. अशा दुपारी खिडकीला ओला पडदा लावून, पंख्याखाली बसून भलत्याच मुलखात भटकण्याची मला सवय जडली आहे. त्या मुलखाचे नाव थेडास आणि तिथे नेणारा गेम म्हणजे कॅनडाच्या बायोवेअर कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये आणलेला ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’. गेम जुना झाला आहे, हे मला भाचा सुट्टीला आला की आवर्जून ऐकवतो. तरीही मी त्यात रमतो, याचे कारण त्यातली लढाई किंवा आभाळाला पडलेले हिरवे भगदाड नसून सोबत चालणारी माणसे हे आहे.

एकूण नऊ सोबती मिळतात: तीन योद्धे, तीन चोरपावलांचे, तीन जादूगार. मात्र मोहिमेवर निघताना त्यांतले तिघेच बरोबर घेता येतात. कोणाला न्यायचे, या विचारात माझी पाच-दहा मिनिटे सहज जातात, आणि खरे सांगायचे तर लढाईत कोण उपयोगी पडेल, हा विचार त्यात दुय्यम असतो. सोलास हा अभ्यासू, थोडासा शिष्ट जादूगार आणि आयर्न बुल हा शिंगे असलेला आडदांड लढवय्या यांना एकत्र नेले, तर ते वाटेत बुद्धिबळ खेळू लागतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळा डाव तोंडी. एक चाल आज टेकडी चढताना, पुढची कधीतरी ओढा ओलांडताना, अशी ही लढत रेंगाळत चालते आणि अखेर सोलास जिंकतो. पुढे या सोलासचे खरे रूप कळते, तेव्हा तो डाव तिथे उगाच ठेवलेला नव्हता, हे ध्यानात येते. इतक्या सहजतेने पात्र उभे करणारे लेखन कोणत्याही माध्यमात रोज भेटत नाही.

गंमत अशी की, ज्या गेमने हे संभाषण इतक्या मायेने लिहिले, त्यानेच ते ऐकू येऊ नये याची तजवीजही करून ठेवली आहे. प्रदेश अफाट असल्याने घोडा दिला आहे. पण घोड्यावर बसताच तिघेही सोबती अदृश्य होतात आणि गप्पा थांबतात. “मामा, घोडा आहे की तुमच्याकडे, चालत काय जाताय?” असे भाचा विचारतो. मी त्याला उत्तर देत नाही, कारण तेवढ्यात नेमके कोणीतरी काहीतरी बोलत असते. कधी कधी मात्र पायी चालूनही बराच वेळ कोणीही चकार शब्द काढत नाही आणि मग भाच्याचे फावते.

लढाईविषयी माझे मत संमिश्र आहे. जखम भरण्याचा नेहमीचा मंत्र इथे नाही. चौघांत मिळून सुरुवातीला औषधाच्या आठ बाटल्या, त्या संपल्या की तळावर परत. त्यामुळे मार बसल्यावर उपचार करण्यापेक्षा तो बसूच न देणे महत्त्वाचे ठरते, आणि ही कल्पना मला फार आवडली. जादूगाराने वेळेवर कवच घालायचे, ढालवाल्याने शत्रूला स्वतःकडे ओढून धरायचे, तेव्हा कुठे मागच्या धनुर्धराला नेम साधता येतो. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक पाहिलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही: उंच काठी पेलताना दिसतो एकच जण, पण भोवतालच्यांनी लक्ष ठेवले नाही, तर ती पुढे सरकायची नाही.

दुर्दैवाने इथले भोवतालचे लोक लक्ष ठेवत नाहीत. २००९ च्या पहिल्या ‘ड्रॅगन एज’मध्ये प्रत्येक सोबत्याला नियम लिहून देता येत, अमक्याची प्रकृती निम्म्यावर आली, तर तमके करावे, अशा तऱ्हेचे. ‘इन्क्विझिशन’मध्ये एखादे कौशल्य आवर्जून वापरावे, जमल्यास वापरावे किंवा वापरू नये, एवढेच सांगता येते. परिणामी हिंटरलँड्स या प्रदेशातला ड्रॅगन आग ओकत असताना माझा धनुर्धर त्या जाळात निवांत उभा राहतो. वेळ थांबवून वरून हुकूम देण्याची सोय आहे खरी. पण तो कॅमेरा पुरेसा उंच जात नाही आणि झाडाच्या फांदीत किंवा छतात अडकतो.

खरा राग आहे तो बिनकामाच्या कामांवर. निर्वासितांसाठी मेंढ्यांचे मांस आणा, हरवलेले जनावर घरी पोहोचवा, कवटीतून डोकावून चमकणारे तुकडे हुडका. कथेतली पुढची मोहीम उघडायला ‘पॉवर’ साठवावी लागते आणि ती अशाच कामांतून मिळते, म्हणून टाळताही येत नाही. त्यात कोरिफियस हा खलनायक सुरुवातीला गाव उद्ध्वस्त करून दरारा निर्माण करतो आणि नंतर प्रत्येक ठिकाणी हरतच जातो. शेवटच्या लढतीपर्यंत त्याची भीती उरत नाही.

या सगळ्याचे उत्तर बायोवेअरने स्वतःच २०१५ मध्ये ‘ट्रेसपासर’ या पुरवणी भागात दिले. प्रदेश आटोपशीर, मांस गोळा करणे नाही, तुकडे हुडकणे नाही. जुने सोबती पुन्हा भेटतात, भरपूर बोलतात, आणि सोलासचा हिशेबही तिथेच समोर येतो. भाच्याने मूळ गेम घोड्यावरून दौडत माझ्या कितीतरी आधी संपवला आणि हा भाग खेळताना सोलास एवढा महत्त्वाचा का, असे मलाच विचारले. त्याने स्वतःहून त्याला चमूत एकदाही घेतले नव्हते.