सुकडी, बुडीत आणि परधाडे

आमच्या शिंदखेडा साईडला म्हाताऱ्या माणसाला जन्मसाल विचारा, सरळ सन कुणी सांगत नाही, बहात्तरच्या आधीचा, बहात्तरला मी पाळण्यात होतो, असंच उत्तर येतं (दाखल्यावर तर सगळ्यांचीच तारीख १ जून, गुरुजींची कृपा). बहात्तर म्हणजे १९७२ चा दुष्काळ. सरकारने दुष्काळी कामं काढली, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, आणि घरची शेती असलेल्या बायासुद्धा डोक्यावर पदर घेऊन खडी फोडायला गेल्या. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि कामावर सुकडी, म्हणजे पिठाचं गोड कोरडं खाणं. रोजगार हमी त्याच काळात उभी राहिली, कायदा व्हायला १९७७ उजाडलं.

तर ही सुकडी. मोठे काका तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील, आईबरोबर कामावर जायचे आणि तिथं सुकडी मिळायची, गोड. ज्या पोराला गूळ फक्त सणाला दिसायचा त्याला रोज गोड मिळायला लागलं, आता त्याच्यासाठी तो दुष्काळ कसा म्हणायचा? आजही पुतणीच्या मुलीसाठी अंगणवाडीतून सुकडीचं पाकीट आलं की (अर्धं गल्लीत गुरांना जातं, ते सोडा) काका चमचा घेऊन हजर, आणि बहात्तरच्या गोष्टी चालू, कोण कामावरून पळून गेला, मुकादमाला कुणी कसं फसवलं, अगदी हसून हसून. आजी बाजूलाच बसलेली असते. एकदा काकांनी तिच्यापुढं वाटी केली तर "माले नको", बस एवढंच, आणि तोंड भिंतीकडं. तिला त्या सुकडीत काय दिसतं ते तिनं कधी सांगितलं नाही, तिच्या धाकट्या पोरीचं नाव घरात कुणी काढत नाही एवढं मला माहितीये. एकच घर, एकच पाकीट. आणि मला शाळेत तोच दुष्काळ टीपा लिहा मध्ये आला होता.

लोक म्हणतात की ज्या शब्दांमागं कुणाचं दुःख असतं ते जपून वापरावेत वगैरे, मला ते अर्धंच पटतं, कारण काकांनी काय आता गप्प बसायचं का? त्यांची आठवणही खरीच आहे की.

पण काही वेळा मात्र डोकं फिरतं. मी बँकेच्या नोकरीला नंदुरबार जिल्ह्यात होतो तेव्हाचं सांगतो. तळोद्याकडं नर्मदेच्या काठावरून उठवून आणलेल्या लोकांच्या वसाहती आहेत. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, अक्कलकुव्याचं मणिबेली त्यात सगळ्यात पहिलं. तिकडं आम्ही कर्जवसुलीचा मेळावा घेतला होता, पुण्याहून नवीन आलेल्या साहेबांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, बुडीतवाले कोण कोण आहेत, हात वर करा. अर्ध्या मांडवाने हात वर केले. ज्यांनी कधी एक रुपया कर्ज काढलं नव्हतं त्यांनीसुद्धा. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला, त्यांना वाटलं सगळी शाखाच बुडाली. तिथल्या माणसाला बुडीत म्हणजे गाव, घराचे सागाचे खांब, काठावरची जमीन, देव. आम्हाला बुडीत म्हणजे एनपीए, थकलेलं कर्ज. शिपाईमामांनी समजावलं तेव्हा मांडवातले लोकच आधी हसले, साहेब नंतर.

आणि पेपरवाले तर ग्रेटच. निवडणुकीत पडलेल्या नेत्याला एखादं महामंडळ मिळालं की बातमी काय, तर अमुक यांचं राजकीय पुनर्वसन! वसाहतीतल्या एका काकांनी चहाच्या टपरीवर ही बातमी मला वाचून दाखवली होती आणि विचारलं, यांचं कुठलं गाव बुडालं होतं? आमदार फुटले की राजकीय भूकंप. किल्लारीचा माणूस हे कसं वाचत असेल माहीत नाही, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री लोक नुकते झोपले होते. सवय झाली असेल कदाचित, रोजच वाचून.

गावाच्या नावांचं अजून वेगळंच. परधाडे हे पाचोऱ्याजवळचं छोटं स्टेशन, जळगावकर सोडून कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. २२ जानेवारी २०२५ ला तिथं पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागली अशी नुसती आरोळी उठली, चेन ओढली गेली, लोक घाबरून रुळावर उतरले आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली डझनभर माणसं गेली. आग नव्हतीच. तेव्हापासून देशभर परधाडे म्हणजे तेच.

आमच्या वहिनीचं माहेर त्याच बाजूला. तिच्यासाठी परधाडे म्हणजे उतरल्यावर डबा घेऊन उभे असलेले वडील, चुलत बहिणी, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके. कल्याणला सोसायटीत कुणी माहेर विचारलं की आधी तिला नकाशा समजावून सांगावा लागायचा, आता नाव घेतलं की लगेच, अरे हो हो ते ट्रेनवालं ना, तुम्ही पाहिलं का, व्हिडिओ आहे का? पहिले काही महिने ती उत्तरं देत बसली. आता सरळ पाचोरा सांगते आणि विषय भरताच्या वांग्यांवर नेते.